पदवीचा उत्पादनखर्च काढा



जून लागला की शुक्रवार पेठेतल्या आमच्या खोलीत दोन तऱ्हेची माणसे येतात. काही पीककर्जासाठी अडलेली असतात, काही पोरांच्या अॅडमिशनसाठी. पूर्वी पहिली जास्त असत. आता दुसरी जास्त असतात आणि घाईही त्यांनाच जास्त असते. पेरणी आठ दिवस पुढे ढकलता येते, कॉलेजची तारीख ढकलता येत नाही.

मागच्या हंगामात मोहोळ तालुक्यातले एक अण्णा आले. सहा एकर रान, सगळे पावसावरचे. रब्बीची ज्वारी आणि थोडी तूर. पोरगा बारावी सायन्स झालेला. हातात इसारपावतीचा कच्चा कागद होता. रस्त्याकडेची दोन एकर विकायची आणि त्या पैशावर पोराला व्यवस्थापन कोट्यातून कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला घालायचे, असे ठरले होते. ‘साहेब, कागद तेवढा बघा, फसवणूक व्हायला नको,’ एवढेच त्यांचे म्हणणे.

कागद ठीक होता. मी विचारले, ‘अण्णा, पोरगा सुटल्यावर काय मिळवील?’

‘कॉलेजवाले म्हणतेत बारा लाखाचं पॅकेज हाय.’

‘किती पोरांना?’

‘ते न्हाई विचारलं.’

आता गंमत बघा. हेच अण्णा ज्वारीचे बियाणे घेताना तीन दुकाने फिरतात. शेजाऱ्याला विचारतात, गेल्या साली तुला एकरी काय उतारा पडला, कडबा किती निघाला, चिकटा आला का? चार-पाचशे रुपयांच्या पिशवीसाठी एवढी चौकशी! आणि दोन एकर जमीन घालून जे बियाणे घ्यायचे त्याचा उतारा कुणालाच विचारला नाही. मी त्यांना दोष देत नाही. विचारले असते तरी सांगणारे कोण होते?

आपल्या चळवळीने गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत शेतकऱ्याला दुसरे काही दिले नसेल, पण एक सवय लावली. क्विंटलमागे खर्च किती आणि हातात किती, हे वहीत मांडायची. कापसाचा मांडला, ज्वारीचा मांडला, दुधाचा मांडला. घरातला सगळ्यात मोठा खर्च मात्र आपण वहीबाहेर ठेवला. तो मांडला की पाप लागते, असे आपल्याला वाटते.

तर आज मांडू. चार वर्षांची पदवी, वर्षाला एक लाख खर्च धरू. खोली-मेससकट हा आकडा खूप जागी कमीच पडतो, पण असू द्या. चारही लाख बँकेच्या शैक्षणिक कर्जातून, व्याज साडेदहा टक्के. शिक्षण चालू असताना आणि नंतरचे एक वर्ष हप्ता नसतो. पुष्कळांची समजूत अशी की त्या काळात व्याजही नसते. व्याज चालूच असते. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन आणि चौथ्यावर दोन वर्षांचे. एकूण एक लाख सत्तेचाळीस हजार. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या आधीच चाराचे साडेपाच लाख झाले. सात वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे ९,२०० रुपये. सगळे मिळून पावणेआठ लाखांच्या आसपास.

आता हे आपल्या मापाने मोजा. वर्षाचे हप्ते १ लाख १० हजार. मध्यम धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ७,७१० रुपये. म्हणजे दर साली १४ क्विंटलच्या वर कापूस. कोरडवाहूत एकरी चार क्विंटल पडला तर साडेतीन एकराचा सगळा कापूस, सात वर्षे. त्यातून बियाणे, फवारणी, वेचणी वजा केलेलीच नाही. मालदांडी ज्वारीचा हमीभाव त्याच वर्षी ३,७४९. म्हणजे साडेएकोणतीस क्विंटल. एकरी तीन क्विंटल धरले तर दहा एकर रान लागते. दहा एकर कोरडवाहू असलेला माणूस आपल्यात मोठा शेतकरी समजला जातो. त्याची सगळी ज्वारी एका पोराच्या हप्त्यात गेली आणि घरात खायला पुन्हा विकतच आणायची.

हप्ता पोरगा भरील, असे म्हणाल. भरावाच. पण आपल्या ओळखीतली साध्या कॉलेजातून सुटलेली पोरे पुण्याला पहिल्या वर्षी पंधरा-वीस हजारांवर लागतात. त्यातले आठ-नऊ हजार खोली आणि मेस खाते. उरलेल्यात ९,२०० चा हप्ता बसवून दाखवा.

सरकार स्वतः पदवीची किंमत काय धरते तेही बघण्यासारखे आहे. २०२४ साली राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. बारावी झालेल्याला महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,०००. म्हणजे बारावीच्या वर पदवी घेतली तर सरकारी तराजूत महिन्याला ४,००० रुपये जास्त. चार लाखांची पदवी या फरकातून वसूल व्हायला शंभर महिने लागतील. आठ वर्षे चार महिने, आणि तेही व्याज सोडून.

कुठल्या शाखेचे कर्ज बुडते याचा एक आकडा देशाच्या पातळीवर बाहेर आला आहे. डिसेंबर २०२० अखेर सरकारी बँकांच्या शैक्षणिक कर्जापैकी साधारण साडेनऊ टक्के थकीत होते. इंजिनिअरिंगचे बारा टक्क्यांच्या वर, नर्सिंगचे चौदाच्या आसपास, वैद्यकीयचे सहाच्या आसपास. ते कोरोनाचे वर्ष होते, हे लक्षात ठेवा. तरीही नर्सिंगचा आकडा वाचून मी थांबलो. नर्स रिकामी बसत नाही, तिला काम मिळते. पण खाजगी दवाखान्यात तिला जे मिळते त्यातून हप्ता निघत नाही. काम मिळणे वेगळे आणि कर्ज फिटण्याइतके दाम मिळणे वेगळे. हे कापूसवाल्यांना मी काय सांगावे? कापूस कधी विकला गेला नाही, असे झालेय का?

हे सगळे मी शहाणपण म्हणून सांगत नाही. माझ्याही खात्यात एक चूक आहे.

मी कृषी पदवीधर. सरकारी कॉलेजात शिकलो, फी नावाला होती, वडिलांचे बैल विकावे लागले नाहीत. पदवी घेऊन बाहेर पडलो आणि गावोगाव माती परीक्षणाच्या पिशव्या गोळा करीत हिंडू लागलो. तेव्हा, २००६-०७ साली, राज्यात डी.एड.ची लाट होती. बारावी झाल्यावर दोन वर्षे, मग जिल्हा परिषदेची शाळा, कायमची नोकरी. जिकडेतिकडे डी.एड. कॉलेजे निघाली. बार्शीकडच्या एका शेतकऱ्याने मला विचारले, ‘भाऊ, पोरीला डी.एड.ला घालू का?’ मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, घाला. त्याने बैलजोडी आणि एक एकर विकले. डोनेशन दिले.

पोरगी हुशार. चांगल्या मार्कांनी पास झाली. पुढचे तुम्हाला माहीत आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये पटपडताळणी झाली, खोटे पट उघडे पडले, शिक्षक जास्त ठरले. २०१२ पासून भरती गोठली. २०१३ मध्ये टीईटी आली. तीही तिने दिली. मग २०१७ मध्ये अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल. लाट ओसरल्यावर कित्येक डी.एड. कॉलेजांना कुलूप लागले. संस्थाचालकांनी त्याच इमारतीत दुसरे काहीतरी सुरू केले. इमारतीचा पीकपालट होतो, पोरीच्या वयाचा होत नाही. ती आज एका खाजगी इंग्रजी शाळेत शिकवते. शेतमजूर बाईला महिनाभर काम मिळाले तर तिची मजुरी हिच्या पगारापेक्षा जास्त भरेल. शिवाय जिला सरकारी शाळा मिळाली तिलाही पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणूनच काढावी लागतात. ते मानधन २०२३ मध्ये वाढून प्राथमिकला १६,००० झाले. त्याआधी ६,००० होते.

तो शेतकरी मला आजही भेटला की चहा पाजतो. एका शब्दाने बोलत नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

माझी चूक कुठली होती? डी.एड. वाईट होते असे नाही. त्या वर्षी राज्यात किती पोरे डी.एड. होऊन बाहेर पडणार आणि किती जागा निघणार, हे मी पाहिले नाही. मी कृषीवाला! कांदा सगळ्यांनी एकदम लावला की काय होते, हे मी सभांतून सांगत हिंडत होतो. तेच पोरांच्या बाबतीत दिसले नाही.

ही चूक एकट्या डी.एड.ची नाही. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या काळात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. सोलापुरातले वालचंद इन्स्टिट्यूट त्याच वर्षीचे. त्याआधी आपल्या पोराला या दारातून आत जाताच येत नव्हते. तेव्हा ‘खाजगी म्हणजे लूट’ एवढेच बोलून मोकळे होणाऱ्यांत मी नाही. त्या पहिल्या पिढीची पोरे खरोखर वर आली. पण पुढे दर तालुक्याला कॉलेज झाले आणि २०१० नंतरच्या दशकात हजारो जागा रिकाम्या राहू लागल्या. आता कॉम्प्युटरच्या जागांना पुन्हा भरती आली आहे. २०२४-२५ पासून एआयसीटीईने चांगल्या स्थितीतल्या कॉलेजांना शाखेच्या जागा वाढवण्यावरची कमाल मर्यादाही उठवली. चार वर्षांनी ही सगळी पोरे एकदम बाजारात उतरतील तेव्हा भाव काय निघेल, हे कोणी आजच छातीठोक सांगत असेल तर तो ज्योतिषी समजावा.

माझ्या स्वतःच्या शाखेचेही सांगतो. बी.एस्सी. अॅग्री सरकारी कॉलेजातून केली काय आणि खाजगीतून केली काय, विद्यापीठ तेच, अभ्यासक्रम तोच. फीमध्ये मात्र पटींचा फरक. बाहेर पडल्यावर औषध कंपनीचा साहेब दोघांनाही एकच पगार देतो. एकाच वाणाची पिशवी एका दुकानात शंभराला आणि दुसऱ्यात पाचशेला, असे झाले असते तर आपण मोर्चा काढला असता.

आता ‘बारा लाखाच्या पॅकेज’बद्दल. बाजार समितीच्या फलकावर तीन दर असतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. सोलापूर मार्केट यार्डात कांदा घातलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. पेपरात मथळा येतो तो कमाल दराचा. तो दर दहा पिशव्यांना मिळालेला असतो, हजार पिशव्या सर्वसाधारण दराने जातात. कॉलेजच्या बोर्डावर असतो तो कमाल दर. आणि ‘सरासरी पॅकेज’ म्हणतात तीसुद्धा फसवी असते. दहा पोरांपैकी नऊ जणांना १२,००० आणि एकाला एक लाख मिळाले तर सरासरी २०,८०० निघते. त्या दहांत २०,८०० मिळवणारे एकही पोर नसते! म्हणून विचारायचे ते मधल्या पोराला काय मिळाले. पगाराच्या उतरत्या क्रमाने सगळ्यांना रांगेत उभे केले तर मधोमध जो येतो त्याला. देशपातळीवरच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणारी कॉलेजे हा मधला पगार सरकारला कळवतात आणि तो तक्ता जाहीर असतो. पण तो शाखेप्रमाणे नसतो, आणि फक्त नोकरी लागलेल्यांचा असतो. जी पोरे घरी बसली ती हिशेबातच नाहीत. करपलेले पीक सोडून उरलेल्या रानाचा एकरी उतारा काढण्यासारखे हे आहे.

शाखेप्रमाणे हिशेब काढता येत नाही, असे कुणी म्हणाले तर ऐकू नका. अमेरिकेत तिथल्या सरकारने २०१५ पासून कॉलेजवार तक्ता लोकांसमोर ठेवला आणि २०१९ पासून त्याच कॉलेजातल्या शाखांचा वेगवेगळा: या शाखेची पोरे किती कर्ज घेऊन बाहेर पडली आणि पुढे किती मिळवतात. त्यांच्याकडे कम्युनिटी कॉलेज म्हणून दोन वर्षांची, कमी फीची सार्वजनिक कॉलेजे असतात, साधारण गावच्या लोकांची. तिथे एकाच छपराखाली नर्सिंग केलेली मुलगी आणि नुसते सर्वसाधारण विषय घेतलेला मुलगा यांच्या मिळकतीत मोठे अंतर दिसते. तो तक्ता लागला म्हणून तिकडची गरिबी हटली नाही. पण बापाला प्रवेशाआधी आकडा बघता येतो. आपल्या बापाला पोर सुटल्यावर कळतो.

यावर सभेत हमखास एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. शिक्षण काय नुसते पगारासाठी असते? जोतिबांनी शिका म्हटले ते नोकरीसाठी नव्हते. बरोबर. पण त्याच जोतिबांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हिशेबच मांडला होता. सरकारची तिजोरी रयतेच्या घामावर भरते आणि शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गाच्या पोरांवर खर्च होतो, असा. हिशेब मागणे हा शिक्षणाचा द्वेष नव्हे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, ‘कमवा आणि शिका’ म्हटले, पोरांनी रानात राबून शिकावे अशी सोय केली. बार्शीत मामासाहेब जगदाळ्यांनी वसतिगृह चालवले. त्या पोरांच्या बापांना जमीन विकावी लागली नाही. ज्ञानासाठी शिका म्हणणाऱ्यांनी ज्ञानाच्या भावात शिकवावे. पॅकेजच्या नावाने फी घ्यायची आणि पॅकेज विचारले की ज्ञानाची महती सांगायची, हे दोन्ही हातांनी खाणे झाले.

दुसरा आक्षेप कोणी सभेत उठून बोलत नाही, खोलीत येऊन हळूच सांगतात. पदवी नसली तर पोराला मुलगी मिळत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये याच सोलापुरात लग्न न जमलेल्या तरुणांनी नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा काढला. लोक हसले. मला हसू आले नाही. शेतीला भाव नाही म्हणून शेतकरी नवरा नको, म्हणून पदवी हवी, म्हणून शेती विका! पण मुलीकडचे आता पदवी बघून थांबत नाहीत, पगाराची पावती मागतात. तेही आपल्यापेक्षा शहाणे झाले.

मग करायचे काय? पोरांना शिकवू नका, असे मी मेलो तरी म्हणणार नाही. २०२२ च्या आकड्यांवरून आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अहवालात आले की देशातल्या पदवीधर तरुणांत बेकारी २९ टक्के आणि लिहितावाचता न येणाऱ्यांत साडेतीन टक्केही नाही. हा आकडा दाखवून अडाणी राहिलेले बरे असे म्हणणारे लोक आहेत. तो वेडेपणा आहे. अडाणी माणूस बेकार राहूच शकत नाही, मिळेल त्या मजुरीवर त्याला जावेच लागते.

पण तीन गोष्टी प्रवेशाआधी पक्क्या माहीत हव्यात. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला फीची शिष्यवृत्ती नाही. सीईटीच्या केंद्रीय फेऱ्यांतून जागा मिळाली तर आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या खुल्या गटातल्या घरालाही राजर्षी शाहू योजनेतून निम्मी शिक्षण फी मिळते. जुलै २०२४ च्या आदेशाने त्याच उत्पन्न मर्यादेतल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. मेस आणि खोली माफ नाही, हे विसरू नका. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला २०१५ पासून केंद्राची हमी योजना आहे, तेव्हा बँक जमिनीचा उतारा मागू लागली तर नियम कुठला ते लेखी विचारा. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असेल आणि कॉलेज मानांकित असेल तर शिक्षणाच्या काळातले व्याज केंद्र भरते. वर मांडलेल्या हिशेबातले ते एक लाख सत्तेचाळीस हजार वाचतात आणि हप्ता ९,२०० चा पावणेसात हजारांवर येतो. बाप पीककर्जात थकला म्हणून पोराचे कर्ज अडवणे हा तर रोजचा अनुभव. केरळच्या उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले की सिबिल स्कोअर कमी आहे एवढ्यावरून विद्यार्थ्याचे कर्ज नाकारू नये. तो निकाल आपल्या बँकेवर बंधनकारक नसेल, पण मॅनेजरच्या टेबलावर ठेवायला हरकत नाही.

आणि जिल्हा बैठकीत मी एक ठराव मांडणार आहे. ज्या कॉलेजाला सरकारी शिष्यवृत्तीचा एक रुपया जातो त्याने गेटवर फलक लावावा. शाखेप्रमाणे, मागच्या तीन वर्षांचा. किती पोरे आत आली, किती पास झाली, दोन वर्षांनी किती कामाला आहेत, मधल्या पोराचा पगार काय, किती जणांच्या डोक्यावर कर्ज आहे आणि खोली-मेससकट चार वर्षांचा खर्च किती. औषधाच्या बाटलीवर किंमत छापावी लागते, बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती छापावी लागते. कॉलेजला काय देवाने सूट दिली आहे?

ठराव पास झाला तरी फलक उद्या लागणार नाही. तोवर आपल्या गावाचा तक्ता आपण भरू. गेल्या दहा वर्षांत गावातून जी पोरेपोरी बारावीपुढे शिकली त्यांची नावे न लिहिता नोंद करा: शाखा, कॉलेज, एकूण खर्च, जमीन विकली का, कर्ज किती राहिले, आज काय काम, महिना किती. आयटीआयवालेही घ्या, डिप्लोमावालेही घ्या आणि एमपीएससीच्या नादाने पुण्यात वर्षानुवर्षे बसलेलेही घ्या. खोटे सांगतील, शरमेने जास्तीच सांगतील. म्हणून हे काम गावातल्या बायकांकडे द्या. कोणाच्या घरी कोणता पैसा येतो ते त्यांना बरोबर माहीत असते.

मोहोळचे अण्णा त्या दिवशी इसारपावती खिशात घालून गेले. पोराला घेऊन ते त्या कॉलेजात गेले आणि विचारले, मधल्या पोराला काय मिळाले? ऑफिसातल्या माणसाने आधी त्यांच्याकडे पाहिले, मग पोराकडे, आणि म्हणाला, असा प्रश्न आजवर कुणी विचारला नाही. पोरगा बापावर चिडला, इज्जत घालवली म्हणाला. दोन एकरांचा गिऱ्हाईक रोज फोन करीत होता. मी अण्णांना एवढेच म्हणालो की केंद्रीय फेऱ्या संपेपर्यंत सही करू नका. त्यांनी केली नाही. दुसऱ्या फेरीत पोराला कॉम्प्युटर नाही, इलेक्ट्रिकल मिळाले, निम्म्या फीत. आता तो पहिल्या वर्षाला आहे. बापाशी अजून नीट बोलत नाही.

कोरे तक्ते खोलीत ठेवले आहेत. बैठकीला येताना आपल्या गावचा भरून आणा.